शिंपल्यांचा चुना

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावाने चर्च बांधलं आणि त्याची पश्चिमेची भिंत शिंपल्यांच्या चुन्याने लिंपली. पावसात चुना धुपायचा. म्हणून दर वर्षी सणाआधी घरटी एक टोपली शिंपले यायचे, ते भाजले जायचे आणि सगळं गाव हातांनी भिंत लिंपायचं. भिंत वर्षभर त्याच दिवसाची वाट पाही.

मग चर्चच्या कमिटीने तिच्यावर चकचकीत फरशा बसवल्या.

"म्हातारे, आता पन्नास वर्षं तुला कुणाची गरज नाही," फरशी ऐटीत म्हणाली.

"आणि ही बातमी तू मला आनंदाने सांगतेस?" भिंत कडाडली. "अगं, मी धुपत होते म्हणून तर माणसं येत होती!"

"गाव खूश आहे. तूच रडतेस."

गाव खरंच खूश होतं. सणाला लोकांनी फरशांसमोर फोटो काढले आणि ते जेवायला गेले. भिंतीला हात कुणीच लावला नाही. आतली ओल आतच कोंडली.

तिसऱ्या वर्षी एक फरशी निखळली. तिच्याबरोबर चुन्याचे वरचे थरही सुटून आले. तिथून चाललेली म्हातारी रुझाय थबकली. आतल्या थरात बोटांचे ठसे होते.

"फादर, ही वाकडी करंगळी माझ्या आईची!"

"उद्याच मिस्त्री बोलावतो, रुझायबाय. नवी फरशी बसवू."

"मिस्त्री कशाला? मी आहे ना अजून."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला टोपली घेऊन ती एकटीच खाडीत उतरली. फरशीएवढ्या त्या उघड्या जागेतून भिंत तिला पाहत राहिली.