तात्यासाहेबांची पंगत

बरं का, कुसळवाडीत सुगंधा आणि विलास असं जोडपं राहायचं. विलासचा टेम्पो बंद पडलेला, म्हणून घराची सगळी आशा सुगंधाच्या कॉम्प्युटरवर.

दूधसंघाला कॉम्प्युटर सांभाळणारं माणूस हवं होतं. तिथे दूध मोजणं, फॅट तपासणं, पावत्या छापणं, सगळे प्रोग्राम एकदम चालायचे. चेअरमन तात्यासाहेबांनी शहरातून भारीतली ऑपरेटिंग सिस्टीम आणलेली. सुगंधा आपल्या जुन्या मशीनवर फुकटातली सिस्टीम घालून ते मशीन घेऊन आली. दोन्ही मशीन शेजारी मांडली, दूध घालायला आलेल्या बायकांच्या दोन रांगा लागल्या.

तात्यासाहेब मिशीला पीळ देत म्हणाले, "सूनबाई, माझ्यापेक्षा तुझं टिकलं तर नोकरी तुझी! आमच्याकडे एकसुद्धा प्रोग्राम पडत नाही."

"मग एक पाडूनच बघू की, तात्या!"

तिने दोन्हीकडे फॅटचा प्रोग्राम मधेच तोडला. आणि काय सांगू! तात्यांचा अख्खा पडदा गोठला. मोजणी थांबली, पावत्या थांबल्या, रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या. सुगंधाकडे फॅट तेवढा गेला, बाकी सगळं झरझर चालू!

"हे कसं गं?" तात्यांनी घाम पुसला.

"तात्या, तुमची सोवळ्यातली पंगत. एक उठला की सगळ्यांनी हात धुवायचे. माझ्या पंगतीत एक उठला तरी बाकीच्यांच्या ताटात गरम पोळी पडतेच! आणि उठलेल्यालाही परत बसवते, हे बघा," म्हणत तिने फॅट पुन्हा चालू केला.

बायका खदखदून हसल्या, तात्यांनाही हसू आवरेना. नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली. तिच्या पगारातून टेम्पो दुरुस्त झाला, आणि आता संघाचं दूध विलासच वाहतो.