ढगातला हत्ती

विमानातली यंत्रं एकमेकांशी गप्पा मारायची, त्या काळातली ही गोष्ट. एका विमानाच्या पोटात तिघं शेजारी राहत: वाट दाखवणारा नकाशा-डबा, प्रवाशांना सिनेमे दाखवणारा सिनेमा-डबा आणि दोघांना वारा घालणारे पंखेकाका.

एकदा भर वैशाखात विमान तापल्या धावपट्टीवर बराच वेळ उभं राहिलं. उडालं तेव्हा दोन्ही डबे भाजून निघाले होते.

"माझा वारा दोघांना पुरायचा नाही," पंखेकाका म्हणाले. "नकाशा थांबला तर आपण वाट चुकू. सिनेमा, तू थोडा वेळ बंद हो."

"काका, मी थांबलो तर वरची पोरं रडून विमान डोक्यावर घेतील," सिनेमा-डबा फुरंगटून म्हणाला. पण अंग फारच पोळत होतं. शेवटी कुरकुरत तो बंद झाला.

वर पडदे काळे झाले आणि पोरांनी खरंच भोकाड पसरलं. मग एका मुलीने खिडकीला नाक लावलं. "आई, तो ढग बघ. हत्ती चाललाय." बघता बघता खिडकीखिडकीला नाकं चिकटली. हसण्याचा आवाज पार खालपर्यंत आला.

डबा गार झाल्यावर काका म्हणाले, "चल, हो सुरू."

"थांबा की जरा," सिनेमा-डबा हळूच म्हणाला. "हत्ती कुठे निघालाय, ते मलाही ऐकायचंय."