धुक्यातली रापण

“...मग बाबा, समोरासमोर बसून ठरवलेलं खरं, की पडद्यावर ठरवलेलं?” शाल्मलीने विचारलं.

मदारबाबा फकीर वाळूत बसून कोरा चहा पीत होते. पहाटेच्या धुक्यात समुद्र नुसताच ऐकू येत होता.

“कुणाचं काय ठरवलंस?”

शाल्मली सुट्टीला गावी आली होती. तिच्या हाताखालची माणसं पाच शहरांत विखुरलेली. भेट व्हायची ती फक्त मीटिंगच्या पडद्यावर.

“सुहृद म्हणून एक आहे. सगळे पुढे ओढतात, हा एकटाच ढिला. विचारलं तर गप्प. सोमवारी त्याला कामावरून काढायचंय. एका मिनिटात सगळे ‘हो’ म्हणाले.”

“मग माझ्याकडे कशाला आलीस?”

तिला झोप लागत नव्हती. पण एवढी मोठी साहेबीण, कबूल कशी करणार?

बाबा उठले. “चल, रापण ओढू.”

समुद्रात सोडलेल्या रापणीच्या लांबलचक जाळ्याचा एक दोर इथल्या माणसांच्या हातात होता. दुसरा दूर, किनाऱ्याच्या त्या टोकाला. तिथली माणसं धुक्याने पार गिळली होती. लाटांपुढे हाकही पोचत नव्हती.

शाल्मलीने दोर धरला. ओला, खरखरीत. हळूहळू तिला वाटू लागलं, आपण धुकंच ओढतोय. मोठं गोड वाटलं तिला.

एकाएकी दोर सैल पडला. सगळे जागच्या जागी थांबले.

“तिकडचे ढिले पडले!” शाल्मली ओरडली. “आपण ओढूया, जोरात!”

तिने अंगातलं सगळं बळ लावलं. बाबांनी तिच्या मुठीवर हात ठेवला.

“थांब.”

“पण का?”

शेजारची म्हातारी म्हणाली, “तकडे जाळां खडकाक अडाकलां, म्हणान त्यांनी दोर सैल सोडलो, बाय. ओढलंस तर फाटात.”

...

सगळे दोर धरून उभे राहिले. मग धुक्यातून एक हलका हिसका आला, दोर ताणला गेला आणि माणसं पुन्हा ओढू लागली.

जाळं अखंड बाहेर आलं. शाल्मलीचे तळवे लालबुंद झाले होते. जाळ्याभोवती जमलेल्या दोन्ही टोकांच्या माणसांकडे तिने बोट दाखवलं.

“ह्यांना एकमेकांचं तोंडही दिसत नव्हतं, बाबा...”

“नव्हतं.”

“आणि सुहृद तर रोज मला पडद्यावर दिसतो.”

बाबांनी गार झालेला चहा वाळूत ओतला.

“बेटी, त्याच्या बाजूला खडक आहे का?”