आंबोणगडाची बोडकी काठी

“मुकी आहे, पण कामाची आहे. कोंडाबाईनं ओढायच्या आत आपल्याकडे वळवून घेऊ,” सासूबाई आतल्या खोलीत माझ्या नणंदेला सांगत होत्या. मुकी म्हणजे मी, नवी सून; पडवीत शिदोरी बांधत होते. कोंडाकाकी या माझ्या चुलतसासूबाई; घर एक, चुली दोन. लग्नाला नऊ दिवस झाले होते आणि आम्ही सगळे टाका घालायला आंबोणगडावर निघालो होतो.

गडावर एक उंच काठी आहे. दर दसऱ्याला नवा वासा उभा करतात, निशाण मात्र लावत नाहीत. शेजारच्या देवळात एक गोधडी आहे, अर्धी पिवळी, अर्धी काळी. गावात येणारी प्रत्येक सून तिला एक टाका घालते. का, ते सखोबा गुरवांनी सांगितलं.

फार पूर्वी गडावर लाडाऊ देसाईण राज्य करायची म्हणे. राज्य केवढं, तर बारा वाड्या आणि एक घाट. पण घाट ज्याचा, त्याला समुद्राची वाट मोकळी. म्हणून वरून बादशहाची फौज आली, खालून सुलतानाची. दोघांनीही आपापलं निशाण पाठवलं, पिवळं आणि काळं. उद्या आमचं काठीवर दिसलं नाही तर मुलूख जाळू, असा दोघांचाही निरोप.

लाडाऊनं दोन्ही निशाणं एकमेकांना जोडली, आत जुनी लुगडी घातली आणि गोधडी शिवली. दुसऱ्या दिवशी दोघांचे वकील वर आले, तर काठी बोडकी आणि खाली गोधडी अंथरलेली.

“बसा,” ती म्हणाली. “पाहुण्याला इथे जागा मिळते. काठी आमची आहे.”

जो आधी गडावर चढेल, त्याची पाठ दुसऱ्याला उघडी पडणार. त्यामुळे दोघेही महिनाभर खालीच बसले आणि शेवटी उभी नाचणी जाळून निघून गेले. त्या वर्षी बारा वाड्यांनी कंदमुळं उकडून खाल्ली, असं सांगतात. पण काठीला फडकं लागलं नाही.

आजही सून टाका घालते तो दोन रंगांच्या सांध्यावर. सखोबांनी सुई माझ्या हातात दिली.

“पिवळ्याकडून घाल गं, आपल्यात तसंच घालतात,” सासूबाई डावीकडून म्हणाल्या.

“आपल्यात म्हणजे कुणात?” काकी उजवीकडून. “काळ्याकडून घाल.”

मी सांध्यावर मधोमध टाका घातला, दोरा दातानं तोडला, गोधडी झटकून दोघींच्या पुढ्यात अंथरली.

“आई, काकी, बसा,” मी म्हणाले. “दोघींनाही जागा आहे. माझ्यावर मात्र निशाण लावायचं नाही.”