मुकादमाचे हात

फार पूर्वीची, रस्ते अजून माणसांच्या हातांनी बांधले जात तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी रस्ता बांधणाऱ्यांची एक टोळी होती. तिच्या म्हाताऱ्या मुकादमाची एक सवय साऱ्या मुलखाला ठाऊक होती. काम चालू असताना तो दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राही. लोक हसत. म्हणत, "मुकादम झालं की हातांना सुट्टी!"

म्हातारा थकला आणि त्याने आपली मुकादमकीची काठी टोळीतल्या सुभानाच्या हाती दिली. सुभानासारखा दगड लावणारा पंचक्रोशीत नव्हता. दगडाची रुंद बाजू खाली, फटींत कपच्या, वर मुरूम, मग सगळं दाबून बसवणाऱ्या जड धुमसाचे ठोके. त्याने बांधलेला रस्ता म्हशीच्या पाठीसारखा मध्ये उंच असे. पाणी पडलं की दोन्हीकडे ओघळून जाई.

राजाचा हुकूम आला, "पावसाळ्याआधी रस्ता खिंडीपर्यंत गेला पाहिजे. नाही गेला, तर काम दुसऱ्या टोळीला." खिंडीपलीकडे सुभानाचंच गाव होतं. तिथल्या बायका अजून मिठाची ओझी डोक्यावर वाहून नेत. आपल्या गावात पहिली बैलगाडी आपल्याच रस्त्यावरून यावी, हे सुभानाचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं.

तो झपाटून कामाला लागला. कुणाचा दगड जरा वाकडा दिसला की म्हणे, "सरका, मी लावतो." लावलेला दगड उखडी आणि स्वतः बसवी. काम सुरेख होई, पण होई एकाच जागी, जिथे सुभाना असेल तिथे. आता ओढ्याकडचा उतार आणि खिंडीकडचा चढ एकाच वेळी बांधायचे होते.

एके दिवशी तो चढावरून उतारावर आला, तर सगळे दगडांच्या ढिगावर बसून गप्पा मारत होते.

"तुळसाबाई, काम का थांबलं?"

तुळसा टोळीतली सगळ्यांत फटकळ बाई. पदराने वारा घेत ती म्हणाली, "आम्ही लावायचं आन् तुम्ही उखडायचं. त्यापरास तुम्हीच लावा की मुकादम! आम्ही तुमचं कवतिक बघत बसतो."

सगळे हसले. सुभाना मात्र हसला नाही. डोंगरामागे ढग जमत होते.

संध्याकाळी तो ओढ्याकाठी एकटाच बसला. त्याला जुने दिवस आठवले. चुलीवरच्या भाकरीचा वास, धुमसाच्या ठेक्यावरची गाणी आणि आपण पहिल्यांदा बांधलेला तो ओबडधोबड तुकडा. तेव्हा म्हातारा रागावला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "पाणी ओत. पाणी काय सांगतंय बघ."

पाण्याचं डबकं झालं होतं. सुभानाने तुकडा उखडला, पुन्हा बांधला, पुन्हा डबकं झालं. पाण्याची घागर आणायला तो म्हाताऱ्याच्या मागून गेला, तेव्हा त्याला ते हात दिसले होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. तेव्हा पोरसवदा सुभानाला वाटलं होतं, म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल.

आज इतक्या वर्षांनी सुभानाला कळलं. ते हात सुट्टीवर नव्हतेच. दुसऱ्याच्या हातातलं काम हिसकावू नये म्हणून म्हातारा ते धरून ठेवत होता. सुभानाचे डोळे भरून आले.

सकाळी त्याने तुळसाला हाक मारली. "हा तुकडा तुमचा. मी हात लावणार नाही."

"बघा हं! नंतर उखडाल."

"उखडायचा झाला तर तुम्हीच उखडाल."

तिने दगड लावले, मुरूम पसरला, धुमस चालवलं. सुभानाचे हात शिवशिवत होते. त्याने ते पाठीमागे नेले आणि मनगट आवळलं.

"आता पाणी ओता, तुळसाबाई."

डबकं झालं. "मेलं पाणी!" असं म्हणत तिने स्वतःच तुकडा उखडला. दुपार तिथेच गेली. ढग आणखी खाली उतरले. सुभानाला राजाचा हुकूम आठवला, पण त्याने हात सोडले नाहीत. तिसऱ्या खेपेला पाणी दोन्हीकडे ओघळलं, तेव्हा तुळसा ओरडली, "अगं बया! वाहिलं की!" आणि बाकीच्यांना दाखवायला तीच धावली.

थोड्याच दिवसांत उतारावर तुळसा होती, चढावर तिने शिकवलेली माणसं होती, आणि सुभाना दोन्हीकडे फिरत होता. पाऊस आला तेव्हा रस्ता खिंडीत पोचला होता.

पुढे रस्ता गावाला भिडला आणि सुभानाच्या गावात पहिली बैलगाडी आली, त्या दिवशी तिच्यात म्हातारा मुकादम बसला होता. वाटेत तुळसा नव्या बायांना दगड लावायला शिकवत होती आणि सुभाना जवळच उभा होता, हात पाठीमागे धरून.

"काय मुकादम," गाडीवान सुभानाला म्हणाला, "हातांना सुट्टी वाटतं?"

म्हातारा गाडीतून उतरला. सुभानाच्या मागे जाऊन त्याने ती आवळलेली, पांढरी पडलेली बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली.

"सुट्टी कसली रे," तो म्हणाला, "हेच तर खरं काम."

तात्पर्य: स्वतःच्या हाताने उत्तम काम करतो तो चांगला कारागीर; स्वतःचे हात आवरून दुसऱ्यांचे हात घडवतो तोच खरा मुकादम.