घंटेची दोन नामे

एका बंदरात नागोजी नावाचा तांडेल राहत असे. वल्ह्याचे पाते पाण्यात सोडून दांडा कानाशी धरला की कोणता मासा कुठे आहे, हे तो बसल्या जागी सांगे. मुखी अखंड रामनाम.

बंदराच्या तोंडाशी एक खडक होता. धुक्यात कित्येक होड्या त्यावर फुटत. राजाने युक्ती योजली. खडकावर नगारा ठेवावा, खाली पाण्यात घंटा टांगावी आणि दोन्ही ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा एकदम वाजवावीत. एका नादामागून दुसरा किती वेळाने येतो, त्यावरून खडक किती दूर ते तांडेलाला कळेल. मात्र पाण्यातून नाद किती वेगाने येतो, हे आधी मोजायला हवे होते.

राजगुरू वासुदेवशास्त्री म्हणाले, "नगाऱ्याचा नाद यायला दहा वेळा रामनाम घेण्याइतका वेळ, म्हणजे दहा नामे लागली, तर घंटेला वीस लागतील. पाणी जड असते."

मोजणीचे काम नागोजीकडे आले. अर्ध्या कोसावर होडी उभी करून त्याने दांडा कानाशी धरला. खडकावरचे निशाण खाली आले, की त्याच क्षणी दोन्हींवर ठोका पडे. निशाण उतरले, नागोजी नाम मोजू लागला. पण नामात असा रंगला की मोजणेच राहिले.

जोडीदार गणबा हसला. "तांडेल, राम भेटला, आकडा बुडाला."

ओशाळून नागोजीने पुन्हा मोजले. मग आणखी दहा वेळा. नगाऱ्याला नऊ नामे. घंटेला अवघी दोन.

गणबा हळूच म्हणाला, "वीस सांग आणि मोकळा हो. शास्त्रीबुवांना खोटं पाडून या बंदरात राहशील?"

"ज्या तोंडानं नाम मोजलं, त्याच तोंडानं खोटं कसं बोलू?"

दरबारात शास्त्रीबुवांनी विचारले, "पाण्यात माणसाला धावता येत नाही, मग नाद कसा धावेल?"

"माणूस नाही धावत, बुवा. मासा धावतो."

राजा म्हणाला, "दोन तर दोन. पण पहिल्या धुक्यात होडी तूच आणायचीस."

महिन्याभरात एका पहाटे दाट धुके उतरले. नागोजीच्या होडीत माहेरी निघालेली त्याची लेक होती आणि योगायोगाने शास्त्रीबुवाही. नागोजीने दांडा कानाशी धरला. घंटेनंतर सात नामांनी नगारा ऐकू आला. मग पाचांनी, मग तिनांनी. त्याने सुकाणू वळवले. काळा खडक डाव्या अंगाने निघून गेला. समोर बंदरातल्या देवळाची दीपमाळ दिसली, तेव्हा कुठे लेकीने धरलेला श्वास सोडला.

शास्त्रीबुवांनी विचारले, "नागोजी, माझे वीस मान्य केले असतेस तर?"

"तर घंटा मागून येते असं धरून मी नगाऱ्यापासून पुढच्या घंटेपर्यंत मोजलं असतं, आणि खडक जवळ येताना दूर जातोय असं वाटलं असतं. हे विचारायला आपण नसता, बुवा."

शास्त्रीबुवांनी तिथेच हात जोडले.

तात्पर्य: कानांनी जेवढे ऐकले तेवढेच मुखाने सांगावे, मोठ्यांचा मान राखण्यासाठी बदललेले माप अखेर सर्वांनाच बुडवते.