देवडीवरच्या घंटेचे दात

"आज गाडीला पाना लागला तर याद राखा!" राजेसाहेब कडाडले, आणि इमाम मेकॅनिकच्या तोंडचं पाणीच पळालं.

दिवस खंडेनवमीचा. संस्थानातली सगळी हत्यारं, अगदी गॅरेजातले पाने-हातोडेसुद्धा, झेंडूची फुलं वाहून पूजेला मांडलेली. दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा रिवाज. आणि नेमका आदल्या दिवशी राजेसाहेबांच्या जुन्या मोटारीचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला दातेरी चक्रांचा गोळा, मोडला! उद्या मोटार सीमोल्लंघनाला गेली नाही, तर संस्थानाचं नाकच कापलं जाणार.

शहरातून सुट्या भागांचे व्यापारी रुस्तमशेट दोन गोळे घेऊन आले. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ! पण एकात अठ्ठावीस दातांचा आस बसायचा, दुसऱ्यात एकतीस दातांचा. मोटारीतला आस किती दातांचा, कुणास ठाऊक!

"चाक काढून आस बाहेर ओढतो आणि दात मोजतो, सरकार," इमामभाई म्हणाला.

"हत्यार उचलायचं नाही!"

"मग न उघडता पोटातलं कसं सांगू?"

"ते तू बघ! शेटजी पाचच्या गाडीनं निघणार. दुसरा गोळा शेजारच्या संस्थानाला कबूल झालाय. तोवर सांग. चुकलास, तर बिऱ्हाड उचल!"

झालं! राजेसाहेबांचा हट्ट ब्रह्मदेवालाही मोडता आला नसता. इमामभाई मोटारीशेजारी डोकं धरून बसला. आठ वर्षांची नोकरी, घरात चार पोरं! वीस वर्षं वाड्याचं अंगण झाडणाऱ्या ठकूबाईला त्याची फार दया आली.

"इमामभाई, आस म्हंजे चाकाचा त्यो लोखंडी दांडाच न्हवं? टोकाला दात असत्यात त्यो?"

"तोच, बाई."

"मग उठा की! रडताय कशापायी?"

ती तडक मुदपाकखान्यात गेली, पुरणपोळीच्या कणकेतला एक गोळा मागून घेतला आणि देवडीकडे पळाली. थोड्या वेळानं ती कणीक ताटलीत घालून राजेसाहेबांसमोर हजर! कणकेवर दातेरी चाकासारखा ठसा उमटला होता.

"मोजा, सरकार!"

दिवाणजींनी चष्मा सावरून मोजले. अठ्ठावीस!

"हे दात कुणाचे?" राजेसाहेबांनी विचारलं.

"देवडीवरल्या घंटेचे. घंटा म्हनून टांगलेला ज्यो दांडा पहारेकरी तासाला बडवत्यात, त्यो. वरलं टोक मोडकं, खाली दात. कणीक दाबली, दात उमटलं. हत्याराला हात न्हाई लावला!"

"पण तो दांडा माझ्याच मोटारीचा कशावरून?"

"बारा सालांमागं मोटार वढ्यात गेली, तवा ह्योच आस मोडला. त्याच मापाचा नवा बसवला आन् मोडका म्या देवडीवर नेऊन दिला. इमामभाई तवा हितं न्हवतं, त्यांस्नी काय ठावं?"

"हां, हां! तो गाढव ड्रायव्हर..." राजेसाहेब घाईनं म्हणाले.

"सरकार, त्या दिशी मोटार कोन चालवत व्हतं, त्ये सांगू का?"

सगळा दरबार छताची नक्षी बघू लागला. दिवाणजींना खोकला आला. राजेसाहेब आधी लाल झाले, मग त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि ते पोट धरून हसत सुटले!

"शेटजी, अठ्ठावीसवाला ठेवा! इमाम, तुझं बिऱ्हाड जागच्या जागी! आणि ठकूबाई, तू काय हवं ते माग!"

"उद्या सीमोल्लंघनाला मला मोटारीत बसवा, सरकार."

"बसवलं! पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी!"

"न्हाई, सरकार," ठकूबाईनं पदर सावरला. "तुमी मागं बसा. चालवतील इमामभाई!"

राजेसाहेबांचं हसू देवडीपर्यंत ऐकू गेलं.